मदत हवी आहे: काल्पनिक देशाचं अवकाश आणि सायबर दल, बांधणी पटण्यासारखी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी एका दीर्घकथेवर काम करते आहे. कथा घडते वरुणद्वीप नावाच्या देशात. देश काल्पनिक आहे: हिंदी महासागरातली दोन बेटं, ४० लाखांच्या आसपास वस्ती, मासेमारी आणि जहाजदुरुस्तीवर पोट. छोटं नौदल आहे, हवाई दल नाही. स्वतःचे सहा लहान उपग्रह आहेत, ते आपल्या हद्दीत शिरणाऱ्या जहाजांवर नजर ठेवतात. या देशाने नुकतंच 'नभ-जाल दल' उभं केलंय. अवकाश आणि सायबर, दोन्ही कामं एकाच सेनाप्रमुखाकडे. नायिका या दलात कॅप्टन आहे, ग्राउंड स्टेशनवर, म्हणजे उपग्रहांशी बोलणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रात, रात्रपाळी करते.

क्षेपणास्त्राने उपग्रह पाडण्याची गोष्ट मला लिहायची नाही. भारताने २७ मार्च २०१९ ला मिशन शक्तीमध्ये स्वतःचा उपग्रह पाडला तो मुद्दाम सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळून जावेत. चीनने जानेवारी २००७ मध्ये आपला जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या आसपास फोडला. त्याचे नोंदलेले तुकडेच ३,००० च्या वर गेले आणि त्यातले कितीतरी अजून फिरताहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियाने कॉसमॉस-१४०८ फोडला तेव्हा अंतराळ स्थानकातल्या सगळ्यांना आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं, त्यात रशियाचे अंतराळवीरही होते. ज्या देशाचे उपग्रहच सहा, तो या वाटेला जाणार नाही.

मला खरा विषय दिला तो २४ फेब्रुवारी २०२२ च्या घटनेने. रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरायच्या तासभर आधी व्हायासॅट या अमेरिकन कंपनीच्या केए-सॅट उपग्रहाची इंटरनेट सेवा कोसळली. उपग्रहाला कुणी धक्काही लावला नव्हता. हल्लेखोर व्हीपीएनच्या (लांबून नेटवर्कमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेच्या) सदोष मांडणीतून जमिनीवरच्या व्यवस्थापन नेटवर्कमध्ये शिरले आणि तिथून ग्राहकांच्या मोडेमना कमांड दिल्या. कमांड दिसायला रीतसर, परिणाम असा की मोडेमची मेमरीच खराब झाली. हजारो मोडेम एका सकाळीत निकामी. दूर जर्मनीत ५,८०० पवनचक्क्या फिरत राहिल्या, पण त्यांच्यावर लांबून लक्ष ठेवायची सोय गेली. आणि युरोपीय संघ, ब्रिटन, अमेरिका यांनी रशियाचं नाव जाहीरपणे घेतलं ते १० मे रोजी. म्हणजे अडीच महिन्यांनी!

माझ्या कथेचा सगळा ताण इथेच आहे. खालच्या कक्षेतला उपग्रह क्षितिजावर उगवल्यापासून मावळेपर्यंत जेमतेम दहा मिनिटं हाती लागतो. पहिल्या प्रकरणात अँटेना वळते, टेलिमेट्री, म्हणजे उपग्रहाने पाठवलेली स्वतःच्या तब्येतीची माहिती, सुरू होते, बॅटरी ठीक, तापमान ठीक. नायिका नेहमीची कमांड पाठवते आणि उपग्रह ती नाकारतो. कारण प्रत्येक कमांडला क्रमांक असतो आणि उपग्रहाकडचा क्रमांक तिच्या वहीतल्यापेक्षा २१ ने पुढे गेलेला आहे. मधल्या वेळात आणखी कुणीतरी २१ कमांड दिल्यात. तिच्याकडे उरलीत सात मिनिटं, आणि हे कुणी केलं याचं उत्तर यायला महिने लागणार आहेत.

आता अडतंय कुठे ते सांगते.

पहिलं म्हणजे, दल एक ठेवू की दोन? चीनने ३१ डिसेंबर २०१५ ला सामरिक साहाय्य दल काढून अवकाश आणि सायबर एकत्र आणलं, आणि १९ एप्रिल २०२४ ला ते बरखास्त करून अवकाश, सायबर आणि माहिती साहाय्य अशी तीन वेगळी दलं केली. अमेरिकेने अवकाश दल डिसेंबर २०१९ मध्ये काढलं, सायबर कमांड आधीपासून निराळी. आपल्याकडेही दोन स्वतंत्र संस्था आहेत, तिन्ही दलांतली माणसं घेऊन चालणाऱ्या. माझं मत असं की छोट्या देशाने एकत्रच ठेवावं, कारण अँटेना सांभाळणारा आणि नेटवर्क सांभाळणारा एकाच खोलीत बसलेले नसतील तर ती सात मिनिटं फोनाफोनीतच जातील. पण चीनसारख्याने आठ वर्षांत मोडलेली घडी माझ्या वरुणद्वीपाला कशी जमावी, याचं पटेल असं कारण मला कथेत द्यायचंय.

दुसरं, अधिकाराचं. रात्री दोन वाजता कॅप्टन दर्जाची अधिकारी स्वतःच्या निर्णयावर काय काय करू शकेल? ग्राउंड स्टेशन नेटवर्कपासून तोडू शकेल? उपग्रह सुरक्षित स्थितीत (फक्त अत्यावश्यक यंत्रणा चालू ठेवून) टाकू शकेल? की यालाही वरची सही लागेल?

तिसरं, माणसं. एस्टोनियात २००७ च्या सायबर हल्ल्यांनंतर संरक्षण लीग या तिथल्या स्वयंसेवी संरक्षण संघटनेत स्वयंसेवकांची सायबर तुकडी उभी राहिली, आपापल्या नोकऱ्या सांभाळून काम करणाऱ्यांची. तसं काही वरुणद्वीपात दाखवावं असं फार वाटतंय.

इथे सिग्नल्समध्ये (सैन्याच्या संदेशवहन विभागात) नोकरी केलेले, उपग्रह नियंत्रणात किंवा नेटवर्क सुरक्षेच्या पाळीत काम करणारे बरेच जण आहेत. गोपनीय काहीही नको. पाळी कशी बदलते, वहीत काय लिहितात, घाबरल्यावर खोलीत कोण कुणाशी कसं बोलतं, एवढं सांगितलंत तरी खूप आहे.

भर: प्रतिसादांबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. नौदलातल्या काकांनी लिहिलंय की ड्यूटी ऑफिसरला बचावाच्या गोष्टी करायला लेखी स्थायी आदेश दिलेले असतात, उलट वार करायला नसतात. काका, हे लगेच घेतलं. नायिका आता ग्राउंड स्टेशन स्वतःच्या अधिकारात तोडते, पुढच्या पासपर्यंत, म्हणजे उपग्रह पुन्हा क्षितिजावर येईपर्यंत, थांबते, आणि दोन पासच्या मधल्या दीड तासात सेनाप्रमुखांना उठवते.

दुसऱ्या एका प्रतिसादाने मात्र नवीनच प्रश्न उभा केला. इतका छोटा देश सगळ्या अँटेना स्वतःच्या कशाला बांधेल, परदेशी खासगी कंपनीच्या भाड्याने घेईल, हे अगदी खरं आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या अवकाशातल्या कामाची जबाबदारीही तिच्या देशावर येते. मग त्या २१ कमांड तिसऱ्याच देशातल्या भाड्याच्या अँटेनावरून गेल्या असतील, तर सेनाप्रमुख पहिला फोन कुणाला करतील: त्या कंपनीला, त्या देशाच्या लष्कराला, की स्वतःच्या परराष्ट्र खात्याला? काका आणि इतर जाणकार, यावर सांगाल का?