मदत हवी आहे: भज्या शेजाऱ्यांच्या चपला पळवतो

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट असून नसल्यासारखी. घरात मी, नवरा, सासरे आणि आमचा कुत्रा भज्या. गेल्या ऑगस्टमध्ये अंबडला नवऱ्याच्या कंपनीबाहेर एका टेम्पोखाली कुडकुडत बसला होता. भर पावसात सापडला आणि रंगही तसाच खरपूस, म्हणून भज्या. गावठीच आहे. डॉक्टर म्हणाले होते दीड-दोन महिन्यांचा असेल, म्हणजे आता अकराएक महिन्यांचा. लसी, जंताचं औषध सगळं वेळेवर झालंय, नसबंदी बाकी आहे.

तर हा जिन्यातून चपला आणतो. कुरतडत नाही, एक ओरखडासुद्धा नाही. आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवतो आणि शेजारी बसून शेपटीने फरशी झाडतो. बरं, जोड कधीच नाही, एकेकच. गेल्या सोमवारी दारात पाच नग होते. त्यातली एक तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. त्या काळारामाला निघाल्या होत्या, एका पायात चप्पल घालून वर आल्या. हसत होत्या, पण फार नाही. सेक्रेटरी मात्र हसत नाहीत. ‘कुत्रा आवरा, नाहीतर मीटिंगमध्ये विषय घेतो’ असा निरोप आलाय.

करून पाहिलेले उपाय: चपलांना लिंबू चोळलं (शिंकला, मग उचलली), हिंगाचं पाणी शिंपडलं (चाटलं!), ओरडून पाहिलं. ओरडलं की कान पाडून असा काही बघतो की आपणच गुन्हेगार. मारणार नाही, तो सल्ला कृपया देऊ नका.

चोरीची सवय जुनीच. मार्चमध्ये निफाडहून आत्यांनी द्राक्षांची जाळी पाठवली होती, त्यातला एक घड याने गट्टम केला. द्राक्षं कुत्र्यांना विषारी असतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. नाशिकमध्ये राहून! नशिबाने लगेच नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, सलाइन लावलं, दोनदा रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. आता द्राक्षं आणि बेदाणे फ्रिजवरच्या डब्यात असतात.

पण चपला काही फ्रिजवर ठेवता येत नाहीत. काय करू?

प्रतिसाद १
एक विचारते. चप्पल आणल्यावर घरात काय होतं? कुणी मागे धावतं? हसतं? त्याच्यासाठी तो खेळच झाला, ओरडणं धरून. आमच्याकडे मोज्यांचं असंच होतं. धावणं बंद केलं, शांतपणे ‘दे’ म्हणायचं आणि सोडली की पनीरचा तुकडा. पण नुसतं तेवढंच केलंत तर पनीरसाठी जास्तच आणेल, हुशार जात आहे. म्हणून जिन्यात जाणं आधी बंद करा. दार उघडायच्या आधी पट्टा.

प्रतिसाद २
अकरा महिने म्हणजे ऐन टारगट वय. फिरवता किती? नुसतं खाली नेऊन आणणं मोजू नका. सकाळी गोदापार्कला न्या आणि मनसोक्त वास घेऊ द्या, ओढू नका. अर्धा तास हुंगून कुत्रं जेवढं दमतं तेवढं पळून दमत नाही.
सेक्रेटरींबद्दल: कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत. पण ते कागद नाचवण्याआधी काकूंना एक चपलांचं बंद कपाट घेऊन द्या, स्वस्तात सुटाल.

प्रतिसाद ३
द्राक्षांबद्दल वाचणाऱ्यांसाठी: किती खाल्ली तर चालतील असा हिशोब नसतो, एखाद्याला थोडीसुद्धा बाधतात. घरी मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने वेगळाच धोका होतो. तडक डॉक्टर.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रतिसादातला प्रश्न घरात विचारला आणि आप्पा (सासरे) पेपरात तोंड घालून बसले. तेव्हाच समजले. सकाळी सातला पेपर घ्यायला ते दार उघडतात, हा सुटतो, आणि चप्पल घेऊन आला की ‘आणलीस का रे वाघा’ म्हणून ग्लुकोजचं बिस्कीट! रोज! मी हिंग शिंपडत बसले होते.

बिस्किटं माझ्या ताब्यात घेतली आहेत. पट्टा दाराच्या खिळ्याला अडकवलाय. कपाटाचं काकूंशी बोलणं झालं, त्यांना जाळीचं हवंय.

एक राहिलंच. पुढच्या आठवड्यात नसबंदी आहे. टाके असताना चार मजले उचलून न्यावं लागतं का? अठरा किलोचा आहे, आणि लिफ्टचं वर सांगितलंच.