भारताचा रग्बी संघ निवडताना पाय बघायचे की हात?

तोरणमाळ (धागाकर्ता)

मी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवतो. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरातून रग्बीचे दोन चेंडू घेऊन आलो, तेव्हापासून आमची पोरं सेव्हन्स खेळतात. सात जणांचा रग्बी, सात-सात मिनिटांचे दोन डाव. मैदान मात्र पंधरा जणांच्या खेळाएवढंच, शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. एवढ्या मोकळ्या जागेत जो पळतो, त्याचा खेळ.

आमचा एक पोरगा सतरा वर्षांचा आहे. सुट्टीत पाड्यावर गुरं वळतो, मक्याच्या शेतात गोफण चालवतो. मोकळं मैदान मिळालं की त्याला मागून कुणी गाठलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. त्याला राज्याच्या निवड चाचणीला घेऊन गेलो. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा आणि तिथून भारताचं शिबिर, असा तो रस्ता आहे. दुपारी दोनच्या आत त्याचं नाव कापलं गेलं. कारण विचारलं, तर म्हणाले, "उजवीकडे पास जात नाही."

मला हे पटलं नाही आणि अजून पटत नाही. जे शिकवता येतं तेच आपण चाचणीत तपासतो, आणि जे शिकवून येत नाही ते हातचं सोडतो. पास सहा महिन्यांत बसेल. तो वेग सहा वर्षं घासूनही दुसऱ्या कुणात येणार नाही. अमेरिकेचा कार्लिन आयल्स शंभर मीटरचा धावपटू होता, २०१२ मध्ये रग्बीत आला आणि रिओ, टोकियो अशी दोन ऑलिंपिक खेळला. त्याला पहिल्याच दिवशी पासवरून घरी पाठवलं असतं तर?

देशाचा संघ निवडणाऱ्यांनी आधी पाय बघावेत. हात नंतर घडवता येतात. तुमचं मत सांगा.

पांझराकाठ

सर, नमस्कार. मी धुळ्याचा. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा अकरा वर्षं क्लबकडून खेळलो, हुकर म्हणून, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना ढकलतात तेव्हा पहिल्या फळीच्या मधोमध. तुमचं दुःख कळतं, तरी सांगतो, निवडणाऱ्यांनी बरोबर केलं.

पंधराच्या खेळात एका बाजूलाच पास देणारा विंगर झाकता येतो. त्याला कडेला ठेवा, चेंडू द्या आणि पळू द्या. सेव्हन्समध्ये झाकायला जागाच नाही. समोरच्या संघाला एका मिनिटात कळतं की हा गडी फक्त डावीकडे देतो. मग त्यांचा बचाव सरकून त्या बाजूला येतो आणि उजवीकडचा आपला माणूस चौदा मिनिटं नुसता पळत राहतो. म्हणजे तुम्ही सहा जणांनी खेळताय. तुम्ही म्हणता जागा मोकळी आहे म्हणून पळणाऱ्याचा खेळ. मी म्हणतो जागा मोकळी आहे म्हणूनच पास देणाऱ्याचा खेळ, कारण चेंडू माणसापेक्षा लवकर पोचतो.

आयल्सचं उदाहरण दिलंत म्हणून सांगतो. अमेरिकेच्या पुरुषांना सेव्हन्समध्ये ऑलिंपिक पदक अजून मिळालेलं नाही. फिजीने २०१६ मध्ये रिओत ब्रिटनला ४३-७ असं धुतलं. त्या देशाचं ते कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. तिथली पोरं प्लास्टिकच्या बाटल्या चेंडू समजून दोन्ही हातांनी फेकत मोठी होतात. वेग त्यांच्याकडेही आहे, पण हात आधी आले.

केळीबाग

रावेरहून लिहितोय. मी मैदानात कधी उतरलो नाही, पण २०१९ पासून रात्र-रात्र जागून सामने बघतो.

फिजीचा मुद्दा उलटाही वाचता येतो. सगळी फिजी मिळून नऊ-साडेनऊ लाख माणसं. आपला एकटा नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या आसपास होता. माणसं कमी नाहीत, बघणारे डोळे कमी आहेत.

आता निवडीबद्दल. पंधराच्या रग्बीचा २०२३ चा विश्वचषक आठवा. दक्षिण आफ्रिकेचा पहिल्या पसंतीचा हुकर माल्कम मार्क्स स्पर्धा चालू असताना जखमी झाला. साधा हिशेब काय? हुकर गेला, हुकर बोलवा. त्यांनी फ्लाय-हाफ, म्हणजे चाल रचणारा आणि किक मारणारा गडी बोलावला, हांद्रे पोलार्ड. टीका झाली. पुढे उपांत्य सामन्यात मानी लिबॉकला अर्धा तास होताच बाहेर काढून पोलार्डला आणलं आणि त्यानेच शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारून इंग्लंडला १६-१५ ने हरवलं. अंतिम सामन्यात न्यूझीलंडवर १२-११, आणि ते बाराच्या बारा गुण पोलार्डच्या पायाचे. निवड म्हणजे रिकामी खुर्ची भरणं नव्हे. या संघाला जिंकायला नक्की काय कमी पडतंय ते ओळखणं. भारताला काय कमी पडतं? मला तर मोकळ्यावर तुटून पळणारा माणूस दिसतो. तोरणमाळ सरांना +१.

पांझराकाठ

केळीबाग भाऊ, अर्धीच गोष्ट सांगितलीत. मी हुकर होतो म्हणून उरलेली अर्धी मला जास्त टोचते.

मार्क्सच्या जागी हुकर न बोलावता चाललं, कारण संघात डिऑन फोरी होता. तो खेळत होता फ्लँकर या वेगळ्या जागेवर, पण त्याआधीची कित्येक वर्षं हुकर म्हणून खेळलेला होता. अंतिम सामन्यात बोंगी म्बोनाम्बी पहिल्या काही मिनिटांतच जखमी होऊन गेला आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना फोरीने काढला. वय सदतीस. त्या रात्री त्यांचा लाइनआउट, म्हणजे बाजूरेषेवरून हुकर चेंडू आत फेकतो तो डाव, डळमळला, ते तुम्ही पाहिलंच असेल. तो धाडसी निर्णय तयार हातावर उभा होता. फोरीच्या जागी नुसता ताकदवान गडी असता, तर पोलार्डला किक मारायची वेळच आली नसती.

आखाडा

आमना पोरेसनी मान देखी का कधी?

मी अमळनेरकडचा, तालमीतला माणूस. पळणारे सातपुड्यातून घ्या, पण पंधराच्या संघात पुढच्या फळीला पैलवान घाला. आमची पोरं पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतात, मानेवर पूल करतात, शंभर किलोचा गडी अंगावर घेतात. हुकरच्या दोन्ही बाजूंना असतो तो प्रॉप, त्याला अजून काय लागतं? मॅटवर जागा मिळाली नाही की वीस-बावीसव्या वर्षी ही पोरं ट्रॅक्टर चालवायला लागतात. तेवढी ताकद वाया जाते. निवड समितीने एकदा गावच्या यात्रेतल्या कुस्त्या बघाव्यात. त्यांना प्रॉप शोधायला लांब जावं लागणार नाही.

पांझराकाठ

वस्ताद, तुमच्या पोरांच्या ताकदीवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण या एका ठिकाणी मी हात जोडून अडवणार.

कुस्तीत मान वाकली की पैलवान फिरतो, निसटतो, पाठीवर जातो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना ढकलतात तेव्हा, फिरायला जागा नाही. डोकं समोरच्या दोघांच्या मधे अडकलेलं, मागून आपले पाच जण ढकलतात, समोरून त्यांचे आठ. पाय घसरले आणि स्क्रम कोसळला, तर सगळा भार मानेच्या मणक्यावर येतो. रेफरी 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो त्या दोन-तीन सेकंदांत पाठ सपाट कशी ठेवायची, पकड कुठे घ्यायची, कोसळताना काय करायचं, हे महिनोन्महिने घोटावं लागतं. मी माझ्या शेजारी नवा प्रॉप पडलेला पाहिलाय. मैदानात अँब्युलन्स आली तेव्हा त्याची बोटं हलतात का ते आम्ही बघत होतो. हलली. पण ती दोन मिनिटं मी विसरलेलो नाही.

म्हणून नियमच आहे. पहिल्या फळीत शिकलेलाच माणूस चालतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात तेवीस जणांत पहिल्या फळीचे तीन बदली खेळाडू ठेवावेच लागतात. शिकलेले संपले, तर स्क्रममध्ये जोर लावायलाच बंदी. दक्षिण आफ्रिकेने अंतिम सामन्यात राखीव आठपैकी सात जण फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये ढकलणारे ठेवले होते, त्याची केवढी चर्चा झाली. तिथे प्रत्येक माणूस तयार लागतो.

पैलवान जरूर आणा. पण सोळाव्या वर्षी आणा, आणि आधी दोन वर्षं क्लबात खेळू द्या. थेट देशाच्या शिबिरात नको.

तळोद्याची

मी विद्यापीठाकडून सेव्हन्स खेळले आहे. कुणी विचारत नाहीये म्हणून विचारते. तोरणमाळ सर, तुमचा मुलगा चाचणीच्या आदल्या रात्री झोपला होता का?

तोरणमाळ

नाही, ताई. धडगावहून दुपारच्या एसटीने निघालो, घाट उतरून शहाद्याला गाडी बदलली, मग रात्रभर बस. बसायला जागा मला मिळाली, तो बॅगेवर बसला. पहाटे पोचलो. आठला नोंदणी होती.

तळोद्याची

तेच. हात की पाय हा वाद तुम्ही घालताय, पण समितीने त्या दिवशी दोन्हीपैकी काहीच नीट पाहिलेलं नाही. ज्या मुलाच्या घरापासून मैदान अर्ध्या तासावर आहे, तो नाश्ता करून आला. आमच्याकडचा मुलगा रात्रभर जागून आला. मग दोघांना एकाच तासात एकच कवायत. दमलेल्या माणसाची कमजोर बाजू आधी उघडी पडते. माझंही तसंच झालं होतं. पहिल्या चाचणीला मला टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, जमला नाही म्हणून काढलं. दुसऱ्या वर्षी ओळखीच्या ताईंकडे आदल्या दिवशी मुक्कामाला गेले आणि निवडले गेले. त्या वर्षात माझा टॅकल फार सुधारला होता असं मला वाटत नाही.

मुलींचं अजून एक. आमच्या गावात मुलगी खरचटून घरी आली की खेळ बंद. त्यामुळे पडायचं कसं हेच शिकायला मिळत नाही. ओडिशात भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये आदिवासी मुली निवासी राहून रग्बी खेळतात आणि तिथल्या बऱ्याच जणी भारताकडून खेळल्या. आपल्याकडे तळोदा, नंदुरबार, यावल, धुळे असे चार आदिवासी प्रकल्प आहेत, आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत. मुली रात्रंदिवस तिथेच असतात. नसतो तो प्रशिक्षक. भारताच्या महिलांनी पंधराचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०१८ मध्ये खेळला, आणि पुढच्याच वर्षी मनिलात सिंगापूरला २१-१९ ने हरवून पहिला विजय मिळवला. म्हणजे वर्षभरात एवढा फरक पडू शकतो. पण त्यासाठी मुली कुणीतरी हातात घ्याव्या लागतात.

केळीबाग

ताई, सहमत. मग निवड समितीतच आपल्या भागाचा माणूस का नको? किंवा दुर्गम जिल्ह्यांसाठी शिबिरात दोन जागा राखीव? दक्षिण आफ्रिकेने निवडीत कृष्णवर्णीय खेळाडूंचं प्रमाण ठरवलं, तेव्हा दर्जा घसरेल अशी ओरड झाली होती. १९९५ च्या विजेत्या संघात एकच कृष्णवर्णीय होता, चेस्टर विल्यम्स. २०१९ आणि २०२३ ला कप्तान सिया कोलिसी होता आणि दोन्ही वेळा कप घरी आला.

पांझराकाठ

कोलिसीचा घटनाक्रम बघा ना. झ्वीडे वस्तीतला गरीब मुलगा, बाराव्या वर्षाच्या सुमारास नामांकित शाळेची शिष्यवृत्ती मिळाली, तिथे वर्षानुवर्षं घडला, आणि मग देशाचा संघ. जागा राखायच्या तर बारा वर्षांच्या मुलांसाठी शाळांत राखा. त्यासाठी मी स्वतः सही करीन. भारताच्या जर्सीत राखीव जागा देऊन कच्चा मुलगा तयार संघासमोर उतरवला, तर तो पहिल्या टॅकलला पडेल आणि लोक म्हणतील, बघा, सातपुड्यातल्या पोरांना जमत नाही. तो डाग पुढच्या दहा पोरांना लागेल. माझा विरोध मुख्यतः यासाठी आहे.

तोरणमाळ

भाऊ, कोलिसीची सुरुवातही सांगा. पहिल्या प्रांतीय चाचणीला त्याच्याकडे खेळायची शॉर्टसुद्धा नव्हती. आतल्या चड्डीवर खेळला तो. मैदानाकडेला कुणीतरी कपड्यांपलीकडे पाहिलं, म्हणून पुढची शाळा आणि पुढची वर्षं. तुम्ही 'आधी शाळा, मग निवड' म्हणता. तिथे आधी निवड होती, शाळा नंतर. आमच्या पोराला भारताच्या जर्सीत उद्या उतरवा असं मी म्हणतच नाही. त्याला शिबिरात तरी ठेवा. तयार संघ निवडायची यादी वेगळी आणि घडवायच्या पोरांची यादी वेगळी ठेवा, एवढंच मागणं आहे. आज एकच यादी आहे, त्यात नाव नसलं की पोरगा पुन्हा गुरांमागे.

आखाडा

सरांचं हे मागणं मला पटलं. तालमीतसुद्धा वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी मोठ्या गड्याशी लावत नाही, पण हाकलूनही देत नाही. मातीत लोळू देतो. पांझराकाठ भाऊंनी मानेचं सांगितलं ते ऐकून आमच्या दोन पोरांशी बोललो. दोघं अठराच्या आतले आहेत. क्लब कुठला, कुणाकडे पाठवू, ते सांगा.

पांझराकाठ

वस्ताद, निरोप पाठवतो. दोन याद्यांबद्दल सरांशी सहमत. चाचणी दोन दिवसांची असावी, हे ताईंचंही बरोबर. पण त्या दिवशीचा निकाल चुकला असं मी अजूनही म्हणणार नाही, कारण समितीपुढे त्या दिवशी एकच यादी होती.

सर, पोराचा पास देतानाचा व्हिडिओ असला तर टाका. समोरून नको, मागून काढलेला.

तोरणमाळ

टाकला आहे. चेहरा दिसत नाही असाच काढलाय.

पांझराकाठ

पाहिला, चार-पाच वेळा. पळणं बघून गप्प बसलो, ते आधी सांगतो.

पासचं म्हणाल तर उजवीकडे देताना जोर डाव्या हाताचा लागतो, आणि याचा डावा हात नुसता चेंडूला टेकलेला आहे. सगळं काम उजवा करतो, गोफणीची सवय असेल. शिवाय चेंडू सुटल्यावर हात पोटाशीच थांबतात. बोटं शेवटी ज्याला पास द्यायचा त्याच्याकडे रोखलेली हवीत. त्याला गुडघ्यांवर बसवा, उजवा हात पाठीमागे, आणि एकट्या डाव्या हाताने पाच पावलांवर पास. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. उभं राहून एवढ्यात देऊ नका. तीन आठवड्यांनी परत व्हिडिओ टाका, मागूनच.

तोरणमाळ

आजपासून सुरू करतो. चेंडू दोनच आहेत आणि त्यातल्या एकाची हवा टिकत नाही, त्यामुळे सकाळचे शंभर त्याचे, बाकीच्या पोरांचं संध्याकाळी बघू. मुलींचीही एक तुकडी करायची आहे, तळोद्याच्या ताई, त्यांना पडायला कसं शिकवायचं ते तुम्ही सांगाल का? आमच्या मैदानात मुरूम आहे, गवत नाही.

तळोद्याची

मुरमावर अजिबात नको, सर. भाताचा पेंढा मिळेल ना? दोन बैलगाड्या पसरा, वर ताडपत्री. आणि सुरुवात गुडघ्यांवरूनच करा, उभ्याने नको. रविवारी फोन करते.