बॅकड्रॉपला मराठीत काय म्हणायचं? देखावा की पडदा?

घाटवाला:
मे महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांसाठी माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट मांडतोय, खंडाळ्याचा घाट, एचओ स्केल म्हणजे १:८७. पाटी मराठीत लिहायला बसलो आणि बॅकड्रॉपपाशी अडलो. मागे एमडीएफची फळी उभी करून नागफणीचा डोंगर रंगवलाय, कारण या स्केलला एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर, खरी मापं धरली तर नागफणी पार्किंगमध्ये जाईल. मी 'रंगवलेला देखावा' लिहिलं तर काका म्हणे देखावा म्हणजे अख्खं मांडलंय ते, गणपतीत असतो तसा.

जुना_प्रेक्षक:
काकांचं बरोबर. मागचा तो पडदा. आमच्या जत्रेतल्या नाटकाला तीनच असायचे, रस्ता जंगल दरबार, सरसात कालवलेला रंग, पावसाळी हवेत असा वास सुटायचा की बस. एकदा दरबाराचा पडदा अर्ध्यातच अडकला, वर महाल खाली जंगल, राजेसाहेब झुडपात बसून न्याय देतायत.

घाटवाला:
पण एमडीएफ गुंडाळता येत नाही ना, मग पडदा कसा?

जुना_प्रेक्षक:
डोळ्याचा पडदा कोण गुंडाळतं?

शुद्धमती:
पडदा फारसी आहे. 'पार्श्वपट' लिहा.

तिरकस:
पार्श्व म्हणजे बाजू, बगल. मागचा तो पृष्ठपट.

शुद्धमती:
मग पार्श्वगायिका काय बगलेत उभी राहून गाते? रूढ झालाय शब्द.

तिरकस:
रूढच चालतं तर पडद्याने काय घोडं मारलंय? कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे, पार्श्वपट नाही.

विंगेतून:
नेपथ्य चालेल की. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची रंगायची जागा, तिथून आवाज आला की 'नेपथ्ये' लिहितात, आपण मराठीत सरळ सेटलाच नेपथ्य करून टाकलं. नाहीतर राजस्थानातल्या नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या मूर्तीमागे रंगवलेलं कापड असतं ती पिछवाई घ्या, शब्दातच 'मागे' आहे. आपली पखवाईही त्याच घरातली असणार, असं आपलं माझं मत.

तिरकस:
पखवाई म्हणजे विंग हो, ती बाजूलाच असते. म्हणजे पार्श्वपट हीच 😄

ब्रशवाली:
शब्द राहू दे, फोटो बघितला. नागफणी फार हिरवीगार झालीये. लांबचा डोंगर फिका आणि निळसर हवा, आकाशाचाच रंग नि थोडा पांढरा मिसळ त्यात. आकाश पण क्षितिजाशी फिकं कर, वरपासून खालपर्यंत एकच निळा मारलाय. कोपऱ्यात दोन फळ्यांची उभी रेघ दिसतेय, तिथे पातळ शीट वाकवून गोलाई दे. आणि लाईट पुढून वरून घे, इंजिनाची सावली ढगावर पडतेय!

जुना_प्रेक्षक:
शिवाय मे महिन्यात तो डोंगर तपकिरी असतो.

घाटवाला:
प्रदर्शन मेमध्ये आहे हो, लेआउट जुलैतला आहे.

ब्रशवाली:
मग धबधबे कुठायत?