घरात मोठी मांजर आणि कुत्रा असताना मांजराचे नवे पिल्लू कसे रुळवावे?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार. आमच्याकडे सहा वर्षांची चिंगी ही मांजर आणि आठ वर्षांचा मोती हा गावठी कुत्रा असून, दोघे एकत्रच वाढलेले आहेत. परवा माझा धाकटा भाऊ दिंडोरीजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकिंग शेडमधून साधारण दोन महिन्यांचे पिल्लू क्रेटमध्ये रद्दी अंथरून घेऊन आला. उत्साहाच्या भरात आम्ही तो क्रेट सर्वांसमोर हॉलच्या मधोमध ठेवला, ही चूक आता लक्षात येते. चिंगीने एकदाच वास घेतला, पाठीची कमान करून ती फिस्कारली आणि थेट स्वयंपाकघरातल्या माळ्यावर जाऊन बसली. कालपासून तिने वाटीला तोंडही लावलेले नाही. मोती अंगावर जात नाही, पण शेपूट ताठ करून पिल्लावर नजर रोखून उभा राहतो आणि हाक मारली तरी वळून पाहत नाही. घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढेच. सासूबाई म्हणतात, त्यांचे त्यांना मिटवू द्यावे. पिल्लू परत पाठवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (गंगापूर रोड)
ताई, पिल्लाची ओळख थांबू शकते, चिंगीचे खाणे थांबू शकत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि जिवावर बेतू शकते. जाडजूड मांजरीला हा धोका अधिक असतो. मीठ-मसाला न घालता उकडलेले चिकन कोमट करून माळ्यावरच नेऊन ठेवा आणि उद्या सकाळपर्यंत तिने खाल्ले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्या.

पिल्लाला आजच आतल्या खोलीत स्वतंत्र ठेवा. त्याचे पाणी, खाणे आणि शी-शूसाठी माती भरलेला ट्रे त्याच खोलीत असू द्या. फक्त खाणे आणि ट्रे शेजारी-शेजारी नकोत. मांजर ओळखते ती वासाने. म्हणून एका जुन्या सुती फडक्याने पिल्लाचे गाल पुसून ते फडके चिंगीच्या जागेपासून थोडे दूर ठेवा, आणि चिंगीचे फडके पिल्लाच्या खोलीत ठेवा. तिने फडक्याकडे दुर्लक्ष केले की पुढची पायरी घ्या: बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची जेवणे ठेवा आणि वाट्या रोज थोड्या दाराजवळ सरकवा. आठवड्यानंतर दार बोटभर उघडून पाहता येईल. पिल्लाला गाईचे दूध देऊ नका, त्याने बहुधा जुलाब होतात.

उत्तर (पंचवटी)
वरील उत्तरातला आठवडा मला कमी वाटतो. दोन आठवडे तरी वेगळे ठेवा, आणि त्याचे कारण केवळ स्वभाव नव्हे. दोन वर्षांपूर्वी आम्ही रस्त्यावरचे पिल्लू आणले आणि पहिल्याच दिवशी सर्वांत सोडले. पाचव्या दिवशी ते ओकू लागले. तो पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्वो हा जीवघेणा विषाणूजन्य आजार निघाला. आमच्या मोठ्या मांजरीची लस चुकलेली होती आणि ती आम्ही गमावली. त्यामुळे चिंगीच्या लसींची नोंदवही आजच काढून पाहा. पिल्लाला तिहेरी लस (या आजारासह तीन आजारांवरची) आता देता येते. ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत पुन्हा द्यावी लागते आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचे औषधही वजन करूनच द्यावे.

हा विषाणू कपड्यांवरून आणि हातांवरूनही पसरतो, म्हणून त्या खोलीतून बाहेर पडताना हात साबणाने धुवा. फिनेलने फरशी पुसत असाल तर ते ताबडतोब थांबवा. मांजर फरशीवर चालते, मग पंजे चाटते आणि ते तिच्यासाठी विष ठरते.

उत्तर (देवळाली कॅम्प)
मोतीविषयी लिहितो. पापणी न हलवता रोखून पाहणारा कुत्रा भुंकणाऱ्यापेक्षा अधिक काळजीचा असतो. त्याला लांब फिरवून, दमवून आणल्यावरच, साखळी हातात ठेवून, दाराच्या फटीतून पिल्लू दिसू द्या आणि त्याने नजर तुमच्याकडे वळवताच खाऊ द्या. ज्या दिवशी तो पिल्लाकडे पाठ करून झोपेल, तो दिवस खरा. तोवर, आणि नंतरही काही महिने, दोघांना एकटे सोडू नये. पिल्लाला चढून बसता येईल अशी उंच जागा प्रत्येक खोलीत असावी.

एक गोष्ट फार महत्त्वाची: कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी घालतात त्या काही थेंबांमध्ये पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते. ते मांजरांना प्राणघातक ठरू शकते, त्यामुळे मोतीचे औषध पिल्लाला लावू नका आणि मोतीला ते लावले असेल, तर चिंगी त्याला चिकटून झोपत नाही ना, हेही पाहा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. रात्री अकराच्या सुमारास चिंगीने माळ्यावरच बसून वाटीतले निम्मे चिकन संपवले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पिल्लू आतल्या खोलीत आहे आणि फिनेलची बाटली मी घराबाहेर काढली. नोंदवही पाहिली, तर चिंगीची लस मागच्या वर्षीच व्हायला हवी होती. तिने नीट खाल्ले की तिला डॉक्टरांकडे नेणार आहे, पिल्लाला मात्र उद्याच नेते. सासूबाईंना पंचवटीचे उत्तर वाचून दाखवले. दारापाशी वाट्या ठेवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.