दूध बंद, गहू बंद, आता डाळीही बंद: खरंच सोसत नाही की जेवणाची धास्ती?

समुपदेशक_वसतिगृह: पोट फुगतं म्हणून कॉलेजची मुलं-मुली एकेक पदार्थ सोडत जातात. काहीजण आयजीजी (रक्तातली एक अँटिबॉडी, म्हणजे शरीराने बनवलेलं संरक्षक प्रथिन) रक्ततपासणीचा रिपोर्ट दाखवतात, त्यात वीस-पंचवीस पदार्थांवर लाल खूण. यातलं खरं किती मानायचं?

आहारतज्ज्ञ_मीरा: तो रिपोर्ट आधी बाजूला ठेवा. आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ खाण्यात आहे, इतकंच. खरी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते: अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, उलटी, धाप. त्याला कणभर पदार्थही पुरतो. दुधातल्या लॅक्टोज या साखरेचं तसं नाही, तिथे सगळा खेळ प्रमाणाचा. न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे सुमारे 250 मिली दूध चालतं, जेवणासोबत तर आणखी सहज.

गहू मात्र तपासणीआधी सोडू देऊ नका! सीलिॲकसाठी (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्तातल्या टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए या अँटिबॉडी बघतात. गहू बंद असेल तर अँटिबॉडी उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

समुपदेशक_वसतिगृह: मग महिनाभर सोडून बघणं चूक का?

आहारतज्ज्ञ_मीरा: एकच पदार्थ, 2 ते 4 आठवडे, एवढं ठीक. पण तो परत सुरू केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. दूध असेल तर 50 मिली, मग 100, मग 200, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. ॲलर्जीची शंका असेल तर हे खोलीवर करायचं नाही, डॉक्टरांसमोरच.

डॉ_मानसोपचार: जेवणाची धास्ती दिसत असेल तर हा प्रयोगही नको. सतत कमी खाल्लं की जठर हळू रिकामं होतं, चार घासांत पोट फुगतं, आणि दोष शेवटच्या पदार्थावर जातो. यादी अशीच वाढते. मी एक प्रश्न विचारायला सांगतो: "तपासणीत काहीच निघालं नाही, तर हे खाशील?" सुटका वाटण्याऐवजी घबराट दिसली तर पोटापेक्षा भीतीवर उपचार हवेत. अर्थात दोन्ही एकत्रही असतात, म्हणून "सगळं मनाचं आहे" असं कधीही म्हणू नका.

वजनाचा विषय टाळा. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा खाणं, 3-4 तासांहून मोठा खंड नको. पाळी तीन महिने चुकली, वजन झपाट्याने उतरलं तर लवकर तपासणी. भोवळ, छातीत धडधड किंवा कित्येक दिवस जवळपास उपाशी असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. अशा वेळी एकदम भरपूर खाऊ घालू नका, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धोकादायक उतरू शकतं.