आउटबोर्ड दोन सेकंद फुरफुरते आणि बंद पडते, काय तपासू?

चांगदेव_घाट
राम राम मंडळी. मासेमारीच्या फायबर होडीला ९.९ एचपीची टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायची मोटर) आहे. दोन सिलिंडर, एक कार्बोरेटर, दोरी ओढून सुरू होणारी, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. एप्रिलअखेर हतनूर धरणाचं पाणी मागं सरलं तेव्हा काढून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. आता लावली तर चोक ओढून चार-पाच झटक्यांनी फुर्र करते, दोन सेकंद चालते, बंद. चोक आत सारला की तेवढंही नाही. टाकीत तेच जुनं पेट्रोल आहे, आठेक लिटर. पाइपावरचा रबरी फुगा दाबून हात भरून येतो, तरी कडक होत नाही. उद्या प्लग आणायला जळगावला चाललोय, सोबत अजून काय आणू?

गॅरेजवाला_भुसावळ
भाऊ, एसटीचं भाडं वाचवा. दोन सेकंद का होईना पेटते, म्हणजे ठिणगी आहे. तरी खात्री करून घ्या, पाच मिनिटांचं काम.

आधी गिअर न्यूट्रलला आणि हाताला अडकवायच्या लाल दोरीची क्लिप स्टॉप स्विचवर नीट बसलेली. क्लिप निघालेली असली की ठिणगीच येत नाही. मग दोन्ही प्लग काढा, कॅपमध्ये परत बसवा आणि त्यांचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. जवळ सांडलेलं पेट्रोल नको, उघड्या भोकांवर फडकं टाका. दोरी ओढली की निळी, चट् आवाजाची ठिणगी हवी. पिवळट, बारीक असेल तर गॅप बघा. या मोटरींना बहुधा ०.९ ते १ मिमी लागतो, पण तुमच्या पुस्तकात असेल तोच धरा. प्लग अधांतरी ठेवून दोरी ओढू नका, सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळायची भीती असते. ठिणगी एकाही प्लगला नसेल तर सीडीआयकडे जाणारी स्टॉप स्विचची वायर सोडून पाहा. ठिणगी परत आली तर दोष स्विचचा.

प्लग ओले निघाले की कोरडे, ते इथे लिहा. ओले म्हणजे पेट्रोल येतंय पण जळत नाही किंवा जास्त येतंय. कोरडे म्हणजे पोचतच नाही. मला कोरडेच वाटतात.

चांगदेव_घाट
बरोबर, दोन्ही कोरडे. ठिणगी दोन्हीकडे निळी.

गॅरेजवाला_भुसावळ
मग चमचाभर ताजं, ऑइल मिसळलेलं पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात टाका आणि ओढा. पेटून लगेच विझली तर दोष टाकी ते कार्बोरेटर या वाटेतच. डिझेलवाले मारतात तो ईथरचा स्प्रे मात्र नको. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलातूनच मिळतं, स्प्रे ते धुऊन काढतो आणि सिलिंडर ओरखडतो.

गिरणाकाठ
फुगा कडक होत नाही ही मोठी खूण आहे, तिथूनच सुरुवात करा.

टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? बंद असेल तर फुगा चपटा होऊन तसाच राहतो. तुमचा फुगून परत येतो पण कडक होत नाही, ते वेगळं दुखणं. एकतर कुठून तरी हवा ओढतोय, किंवा फुग्याच्या आतले वाल्व्ह गेलेत, किंवा कार्बोरेटरची पेट्रोल अडवणारी सुई बंदच होत नसल्यानं पेट्रोल ओसंडून जातंय. ओसंडत असतं तर कव्हरखाली पेट्रोल गळताना दिसलं असतं आणि प्लग ओले निघाले असते, म्हणून ते बाद.

फुगा बाणाचं टोक वर, इंजिनकडे ठेवून उभा धरा. आडवा धरला तर आतले वाल्व्ह नीट बसत नाहीत. मोटरकडचं कनेक्टर काढा, त्याचा वाल्व्ह काडीनं दाबून बाटलीत धरा आणि फुगा दाबा. जोरदार धार आली तर टाकीची बाजू ठीक. बुडबुड्यांसह अर्धवट आली तर टाकीकडच्या कनेक्टरची ओ-रिंग काढून नखानं वाकवा. तडे दिसतील किंवा वाटाण्याच्या सालीसारखी कडक झालेली असेल. तीन महिने पत्र्याखाली, तेही ४४-४५ अंशांत, रबराचं दुसरं काय होणार? नवी घेताना पेट्रोलला टिकणारी मागा. नळाची ओ-रिंग आठवड्यात फुगते.

पूर्णेचा_डोह
दोघांचंही पटलं, पण माझ्या मते इथे दोन दोष एकत्र आहेत. चोक ओढला की पेटते आणि सारला की मरते, हे स्लो जेट (मंद चालीला पेट्रोल देणारं बारीक भोक) तुंबल्याचं लक्षण. चोकमुळे ओढ वाढते, मग इतर भोकांतून थोडं पेट्रोल येतं आणि तेवढ्यावर ती फुरफुरते. उन्हात बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल उडून गेलं, मागे ऑइल आणि चिकट राळ राहिली. ती बसते नेमकी सगळ्यात बारीक भोकात.

बाऊलच्या तळाचा स्क्रू सोडा आणि जे येईल ते काचेच्या बरणीत धरा. दहा मिनिटांनी तळाशी थेंब लोळताना दिसले तर पाणी आहे. टाकीच्या तळातलंही असंच काढून बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्ड कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. प्रमाण वाढलं आणि रात्री गारवा आला की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीचा पाइप तळातून ओढतो, म्हणजे मोटरला बिनऑइलचं पाणी पाजल्यासारखं. म्हणून ते आठ लिटर हलवून, गाळून वापरू नका, आणि नदीत तर अजिबात ओतू नका. पाणी घालून इथेनॉल वेगळं करायचे व्हिडिओ फिरतात, त्या नादालाही लागू नका. ऑक्टेन घटतो आणि उरलेलं पेट्रोल ओलंच राहतं.

आता कार्बोरेटर. उघडण्याआधी फोटो काढा. कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू (टाकीचा नव्हे) काढण्यापूर्वी तो अलगद आत फिरवून टेकेपर्यंत किती आटे जातात ते मोजून लिहा, परत तेवढाच सोडायचा. टेकल्यावर जोर दिला तर टोक चेपतं. स्लो आणि मेन दोन्ही जेट पितळी असतात. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण बसणारा घ्या, नाहीतर खाच सोलते. कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, मग उजेडाकडे धरा: भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. साफ करायला तार, टाचणी, सुई काही नको, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. तुमच्याकडे जाळ्याचा तंगूस आहेच, सगळ्यात बारीक घ्या. नंतर पंक्चरवाल्याकडची हवा मारा, पण फ्लोट आणि सुई काढून ठेवल्यावरच.

बाऊलची रबरी रिंग पेट्रोलात फुगलेली निघते आणि खाचेत बसत नाही. दाबून बसवू नका, तासभर सावलीत वाळू द्या, आकसते. नाहीच आकसली तर नवी टाका.

चांगदेव_घाट
झालं! बरणीत तळाशी बोटभर वेगळा थर दिसला. स्लो जेट पूर्ण बंद होता, तंगूसही पहिल्यांदा आत जाईना. ओ-रिंग तर वाकवताच तुटली. ताजं १२ लिटर पेट्रोल आणि २४० मिली टीसी-डब्ल्यू३ (पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं) ऑइल घातलं. फुगा सातव्या दाबाला कडक झाला, मोटर तिसऱ्या ओढीला सुरू. ड्रममध्ये पाणी भरून चालवली. फक्त मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार येते ती कमी वाटतेय. आणि राखीव म्हणून मोटारसायकलचे प्लग चालतील का? आटे तेच दिसतात.

गॅरेजवाला_भुसावळ
आटे १४ मिमीचे असले तरी लांबी बघा. नंबरात एचएस असेल तर आट्याचा भाग १२.७ मिमी, ईएस असेल तर १९ मिमी. लांब प्लग आखूड भोकात घातला तर पिस्टन त्यावर आपटू शकतो. जुन्या प्लगवरचा नंबर जसाच्या तसा मागा.

धार कमी असेल तर मोटर बंद करून आधी त्या भोकात तंगूस घाला, तापीचा गाळ तिथे हमखास बसतो. ड्रममधलं पाणी प्रॉपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर असू द्या. तरीही धार बारीक राहिली किंवा पाणी चटका बसण्याइतकं गरम आलं, तर खालचा पाय खोलून इम्पेलर (मोटर थंड ठेवायला पाणी ओढणारं रबरी चाक) बदला. पाण्याबाहेर थोडा वेळ जरी चालवली असेल तरी त्याची रबरी पाती गेलेली असतात.

गिरणाकाठ
आणि होडी काठाला उन्हात उभी असताना पाइप मोटरपासून काढून ठेवत जा. टाकीचा हवेचा स्क्रू बंद असला तर टाकी तापून फुगते आणि पेट्रोल सुई ढकलून आत शिरतं. मग हीच मोटर ओल्या प्लगांनी अडेल. तसं झालं तर चोक आत सारलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, दहा-बारा ओढी.