दादीची इशा आणि सहवचे सजदे

थोरली फुफी: अस्सलामु अलैकुम. काल अम्मीकडे मुक्कामाला होते. इशाचे (रात्रीच्या नमाजचे) चार फर्ज (सक्तीच्या रकाती, म्हणजे नमाजचे टप्पे) तिने तीनदा पढले. तिसरी की चौथी रकात, असा शक आला की नमाज तोडते आणि परत नियत बांधते. खुर्चीवर बसून पढते, तरी शेवटी पाठ धरली. रडवेली झाली होती. माझं ऐकत नाही, कुणीतरी नीट समजवा.

धाकटे चाचा: वअलैकुम अस्सलाम आपा. नमाज तोडायची गरजच नाही. आपण कोकणातले शाफई पंथाचे. तीन की चार कळेना, तर तीन धरायच्या, आणखी एक पढायची, आणि अत्तहियात-दरूद (शेवटी बसून पढायच्या दुआ) झाल्यावर सलाम फेरायच्या (मान वळवून नमाज संपवायच्या) आधी सहवचे, म्हणजे भुलीचे, दोन सजदे (कपाळ जमिनीला टेकणं). झाली नमाज. पैगंबरांचे साथी अबू सईद खुदरी (रजि.) यांची हदीस (पैगंबरांची शिकवण) मुस्लिम शरीफ या किताबात आहे: शक टाकून द्या, जेवढं पक्कं आहे त्यावर पुढे जा. चुकून पाच झाल्या असतील तर हे सजदे त्यांची सम संख्या करतात.

भाभी: चाचा, आमच्या माहेरी मराठवाड्यात उजवीकडे एक सलाम फेरून मग सजदे करतात, आणि परत अत्तहियात. माझं चुकतंय का?

धाकटे चाचा: नाही बेटा, तुम्ही हनफी पंथाचे, तसंच करत राहा. दोन्ही तऱ्हा हदीसमध्ये आहेत. एकदा हुजूर, म्हणजे पैगंबर (स.), जोहरला (दुपारच्या नमाजला) दोन रकातींनंतर न बसता उभे राहिले, तेव्हा त्यांनी सलामच्या आधी सजदे केले. दुसऱ्या वेळी दोन रकातींवरच सलाम फेरला. त्यांचे साथी जुल-यदैन (रजि.) यांनी विचारलं, नमाज कमी झाली की आपण विसरलात? मग राहिलेल्या रकाती पुऱ्या केल्या आणि सजदे सलामनंतर झाले.

अम्मीला हे जरूर सांगा. खुद्द हुजूर म्हणाले, मीही माणूस आहे, तुम्ही विसरता तसा मीही विसरतो. ती विसरते म्हणून तिची इबादत कमी होत नाही. वयाचं आहे ते. तिला नमाजच्या वेळी कुणी टोकू नये, एवढं माझं सगळ्यांना सांगणं आहे.

मामा: पण रुकूच (कमरेतून वाकणं) राहिला तर? नुसत्या सजद्यांनी भागतं?

धाकटे चाचा: नाही. रुकू, सजदा हे फर्ज, ते पुरे करावेच लागतात. फजरचा (पहाटेच्या नमाजचा) कुनूत (उभ्याने मागायची दुआ) किंवा मधली अत्तहियात राहिली, तर आपल्याकडे सजद्यांनी भागतं. आणि सलाम फेरून झाल्यावर नुसता शक आला तर तिकडे बघायचंच नाही. अम्मीचं निम्मं दुखणं तिथलंच आहे.

थोरल्या भाईचा मुलगा: चाचा, कॉलेज सुटल्यावर मी रोज दादीकडे इशा पढलो तर? मी इमाम, ती मागे. मोजायचं कामच नाही.

धाकटे चाचा: फार चांगलं. सुरुवातीपासून मागे असली तर तिने फक्त तुझ्यासोबत उठायचं-बसायचं. तिच्याकडून बारीकसारीक भूल झाली तर तिला वेगळे सजदे नाहीत. तू चुकलास तर मात्र दोघांनी करायचे.

थोरली फुफी: सगळं अम्मीला वाचून दाखवलं. जुल-यदैनचं दोनदा वाचायला लावलं. विचारतेय, नातू चुकला तर सांगू कशी? बोललं तर नमाज तुटेल.

धाकटे चाचा: पुरुष सुब्हानल्लाह म्हणतात. बाईने उजवा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर मारायचा. तेवढा आवाज पुरतो.

थोरल्या भाईचा मुलगा: आजपासूनच येतो. फुफी, दादीला वुजू करून बसायला सांगा, अजान झाली की पोचतोच.